चीनच्या परराष्ट्र धोरणाचे आणि राष्ट्रवादाचे अभ्यासक व्हायचे असेल तर

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की मला एकाच धाटणीचे संदेश येऊ लागतात. "ताई, मला चीनवर संशोधन करायचे आहे, सुरुवात कुठून करू?" जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली, त्यानंतर या संदेशांची संख्या बरीच वाढली. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. मी कराडजवळच्या एका गावातून, राज्यशास्त्राची साधी पदवी घेऊन निघाले तेव्हा या क्षेत्रात कोणाला ओळखत नव्हते, आणि ज्या चुका करायच्या त्या सगळ्या क्रमाने केल्या. त्यांतल्या निम्म्या तरी तुमच्या वाचाव्यात.

आधी हिशेब सांगते. पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे, भाषेची निदान दोन आणि पीएचडीची पाच ते सहा, म्हणजे पहिल्या कायम नोकरीपर्यंत सुमारे दहा वर्षे जातात. हे घरच्यांना आरंभीच सांगून टाकावे. "अजून शिकतेच आहे का?" या प्रश्नाला दर दिवाळीत उत्तर द्यावे लागते, आणि ते आधी ठरवून ठेवलेले बरे.

१. विषय घेऊ नका, प्रश्न घ्या

अर्जावर संशोधनाचा विषय म्हणून "भारत-चीन संबंध" असे लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, आणि निवड समिती ते वाचून पुढचा अर्ज उचलते. प्रश्न कसा असतो, हे एका उदाहरणाने दाखवते.

मे 1999 मध्ये नाटोच्या बाँबहल्ल्यात बेलग्रेडमधील चिनी दूतावास उद्ध्वस्त झाला आणि तीन चिनी पत्रकार मारले गेले. बीजिंगमध्ये अमेरिकी दूतावासासमोर मोठी निदर्शने झाली. विद्यार्थ्यांना तिथे नेण्यासाठी विद्यापीठांनी बसगाड्या दिल्या, आणि तेव्हाचे उपाध्यक्ष हू चिंताओ यांनी दूरचित्रवाणीवरून कायद्याच्या चौकटीतील निदर्शनांना पाठिंबा जाहीर केला. दोन वर्षांनी, 1 एप्रिल 2001 रोजी, हायनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि एक चिनी लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक मरण पावला, आणि अमेरिकी विमानातील 24 जण अकरा दिवस चीनच्या ताब्यात होते. देश तोच, अपमानाची भावना तीच, विद्यार्थीही जवळजवळ तेच. पण या वेळी त्यांना रस्त्यावर येऊ दिले नाही. असे का झाले?

हा खरा प्रश्न. जेसिका चेन वाइस यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्याचे उत्तर मांडले: सरकार जेव्हा निदर्शने होऊ देते तेव्हा ते समोरच्या देशाला "आता आम्हाला मागे हटता येणार नाही" असे दाखवत असते, आणि ती दडपते तेव्हा तडजोडीची तयारी दाखवत असते. पीटर ग्रीस यांनी त्याच बेलग्रेड प्रकरणात वेगळीच वाट धरली. लोकांनी एका चिनी दैनिकाला लिहिलेली शोकपत्रे आणि कविता त्यांनी वाचल्या आणि हा संताप केवळ वरून पेटवलेला होता का, हे तपासले. अलास्टेअर इयन जॉन्स्टन यांनी तर "चिनी राष्ट्रवाद वाढतो आहे" हे सर्वांनी गृहीत धरलेले विधानच बीजिंगमधील अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांवर घासून पाहिले. त्यांना सरळ चढता आलेख सापडला नाही, आणि तरुण पिढी वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक राष्ट्रवादी आहे हेही दिसले नाही. विषय एकच, पण प्रश्न तीन असल्यामुळे हत्यारेही तीन झाली.

भारतीय विद्यार्थ्याच्या हाताशी असलेला एक प्रश्न सुचवते. 15 जून 2020 रोजी गलवानमध्ये 20 भारतीय जवान हुतात्मा झाले, हे आपल्याकडे लगेच जाहीर झाले. चीनने मात्र स्वतःच्या मृतांबद्दल आठ महिने मौन पाळले. 19 फेब्रुवारी 2021 रोजी अचानक चार मृत सैनिकांची नावे जाहीर झाली आणि त्यांची वीरगाथा सर्व माध्यमांत झळकली. अधिकृत आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगलेखकाला मे महिन्यात आठ महिन्यांची शिक्षा झाली, आणि चकमकीत जखमी झालेला अधिकारी 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मशाल घेऊन धावला. भावना पेटवायची होती तर आठ महिने थांबले का, आणि थांबायचेच होते तर नंतर मौन का सोडले? यावर चांगला प्रबंध होऊ शकतो.

२. भाषा आधी, बाकी सगळे नंतर

हा टप्पा लोक पुढे ढकलतात आणि तिथेच त्यांचे घोडे अडते. मीही ढकलला. एम.ए.च्या दोन वर्षांत इंग्रजीतून चीनवर ढीगभर वाचले आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आले की मी चीनबद्दल काहीच वाचलेले नाही, चीनबद्दल लिहिणाऱ्यांना तेवढे वाचले आहे.

मराठी माणसाला चिनी उच्चारांत एक फायदा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. रोमन लिपीत ज्यांना बी, डी आणि जी लिहितात ते ध्वनी चिनीत आपल्या प, त आणि क यांच्या जवळचे आहेत. पी, टी आणि के म्हणजे आपले फ, थ आणि ख, तेही ओठ न चावता उच्चारलेला फ. म्हणून बीजिंगचा उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो आणि जिनपिंगचा चिनफिंगच्या. इंग्रजी भाषकाला हा श्वासाचा फरक महिनोन् महिने घोटावा लागतो. आपण तो बाराखडीतच शिकलेलो असतो. शिवाय आपल्याकडे 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च असे दोन च आहेत, आणि चिनीतही हा भेद अर्थ बदलतो. स्वरांचे चढउतार मात्र आपल्यालाही नव्यानेच शिकावे लागतात. तिथे कोणालाच सवलत नाही.

परीक्षा एचएसके, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीची चिनी भाषेची अधिकृत परीक्षा. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथ्या पातळीला 1200 शब्द, पाचव्या पातळीला 2500 आणि सहाव्या पातळीला 5000 शब्द अपेक्षित होते. 2021 मध्ये नऊ पातळ्यांचा नवा आराखडा आला. अर्ज करताना संस्थेला कोणत्या रचनेचे प्रमाणपत्र चालते ते आधी विचारून घ्यावे. चिनी विद्यापीठांतील प्रवेशासाठी निकाल साधारण दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे फार लवकर परीक्षा देऊन प्रमाणपत्र फाइलमध्ये जुने होऊ देऊ नये.

पाचवी पातळी उत्तीर्ण झाल्यावर चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र 'पीपल्स डेली' वाचता येईल, असे मला वाटले होते. पहिल्याच अग्रलेखात एक वाक्य समजायला अर्धा तास लागला. राजकीय चिनी ही वेगळीच बोली आहे. ती साच्यांनी बनलेली असते, आणि साचे ओळखायला परीक्षा शिकवत नाही. त्यासाठी रोज एकच परिच्छेद घ्यावा आणि त्याच घटनेवरचा अधिकृत इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून दोन्हींत काय गाळले आणि काय घातले ते वहीत लिहावे. सहा महिन्यांनी ती वही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी पडते.

एक शब्द जवळून पाहू: 'मिन्चू', यातला च चमच्यातला. चीनच्या अधिकृत परिभाषेत देशात छप्पन मिन्चू आहेत, म्हणजे हान, तिबेटी, उइगुर वगैरे समूह. आणि हे सगळे मिळून जे 'चोंगह्वा मिन्चू' होते तेही एकच मिन्चू. एकाच शब्दात आपला 'समूह' आणि आपले 'राष्ट्र' दोन्ही मावतात. त्यापासून झालेला 'मिन्चू चूयी' हा राष्ट्रवादाचा शब्द सरकारी लेखनात बहुधा "संकुचित" या विशेषणासह, दोष म्हणून येतो. स्वतःच्या लोकांसाठी सरकार 'आइक्वो चूयी', म्हणजे देशप्रेम, हा शब्द वापरते. 1994 साली आखलेली शिक्षणमोहीम या देशप्रेमाची होती आणि 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेला कायदाही देशप्रेमाच्या शिक्षणाचाच आहे. तैपेईत माझ्या शिक्षिकेने माझा पहिला निबंध परत दिला तेव्हा 'मिन्चू' या एका शब्दाभोवती सात तांबडी वर्तुळे होती. मी सातही ठिकाणी 'राष्ट्र' असा अर्थ धरून तो वापरला होता आणि सातांपैकी चार ठिकाणी तो चुकला होता.

३. भाषा कुठे शिकावी

भारतात पाया घालायला दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि 1937 साली स्थापन झालेले शांतिनिकेतनचे चीन भवन ही जुनी, भक्कम ठिकाणे आहेत. पण कधीतरी वर्षभर भाषेच्या प्रदेशात राहावेच लागते.

चीन की तैवान, हा प्रश्न मग येतो. चीन सरकारची शिष्यवृत्ती चांगली असते. मात्र 2020 ते 2022 या काळात भारतीय विद्यार्थ्यांचे व्हिसा बंद होते, आणि पुन्हा असे होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून एकाच दारावर विसंबू नये. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची हुआयू शिष्यवृत्ती काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत मिळते. तिचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तैवानच्या दिल्लीतील केंद्रामार्फत घेतले जातात, आणि ऑक्टोबर 2024 पासून मुंबईतही त्यांचे कार्यालय आहे. तैवानमध्ये जुनी, पूर्ण रूपातील चिन्हे शिकवतात. चीनमधील सुटसुटीत चिन्हे नंतर शिकायला दोनतीन महिने पुरतात. उलट दिशेने जाणे जड जाते. 1949 पूर्वीचे कागद वाचायचे असतील तर जुनी चिन्हे लागतातच.

४. पदवी कुठे करावी

भारतात करायची असेल तर एम.ए.साठी सीयूईटी-पीजी आणि पीएचडीसाठी यूजीसी-नेट हे दोन दरवाजे आहेत. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये मिळतात, दिल्लीतील खोलीभाड्याची चिंता मिटते आणि मार्गदर्शकांपुढे तुमची बाजूही बळकट होते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे पूर्व आशिया अध्ययन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशियाई अध्ययन विभाग यांची ग्रंथालये आणि वर्तुळ या विषयाला धरून आहेत. दिल्लीतील इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज ही संस्था एका छोट्या अभ्यासमंडळातून उभी राहिली. तिथली व्याख्याने ऐकायला कोणालाही जाता येते, आणि तुम्ही जाच. पहिल्या वर्षी मी तिथे मागच्या रांगेत बसून नुसते ऐकले. प्रश्न कसा विचारतात, हे मी वर्गात कमी आणि तिथे जास्त शिकले.

अमेरिकेत पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात, पण प्रवेश मिळाला तर शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता बहुधा सोबत येतात, आणि पहिली दोन वर्षे संख्याशास्त्र व संशोधनपद्धतींचे कसून शिक्षण मिळते. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत मोकळे होता येते. मात्र तिथे संशोधनाचा आराखडा पहिल्या दिवशीच तयार हवा आणि पैशाची सोय स्वतः शोधावी लागते. ज्याला आपला प्रश्न अजून सापडलेला नाही त्याने ब्रिटनला अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहावा. डेन्व्हरमध्ये चिनी राष्ट्रवादाचे अभ्यासक स्वीशंग चाओ, मँचेस्टरमध्ये ग्रीस, हार्वर्डमध्ये जॉन्स्टन, जॉन्स हॉपकिन्समध्ये वाइस, अशी ही मंडळी विखुरलेली आहेत. पत्र पाठवण्यापूर्वी त्यांचे निदान दोन लेख पूर्ण वाचावेत आणि पत्रात त्यांतल्या एका मुद्द्यावर तीन ओळी लिहाव्यात. "आपल्या महान कार्याने मी प्रभावित झालो आहे" या वाक्याने सुरू होणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही, हे मी पत्रे पाठवूनही शिकले आणि आता पत्रे घेऊनही पाहते.

५. कागदपत्रे: आणि नावाचा घोळ

हे सगळे अर्जाच्या मुदतीपूर्वी सहा महिने जमवायला घ्यावे. अमेरिकेतील मुदती बहुतेक डिसेंबरात संपतात, म्हणजे जूनमध्ये सुरुवात करावी.

- पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध असलेला
- दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- विद्यापीठाच्या मोहोरबंद पाकिटातील अधिकृत गुणतक्ते, निदान पाच प्रती
- तीन शिफारसपत्रे; त्यांपैकी दोन तरी तुमचे लेखन तपासलेल्या प्राध्यापकांची
- उद्देशपत्र, सुमारे दोन पाने
- लेखनाचा नमुना, वीस-पंचवीस पाने, एकाच प्रश्नावरचा
- टोफेल किंवा आयईएलटीएस. जीआरई अनेक विभागांत आता ऐच्छिक आहे
- एचएसके किंवा तैवानच्या टोकफ्ल परीक्षेचा निकाल
- अर्जशुल्कासाठी परदेशी व्यवहाराला चालणारे कार्ड. अमेरिकेत एका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास पडतात

नावाचे सांगते. आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आईचे नाव खाली वेगळ्या ओळीत. पदवी प्रमाणपत्रावर क्रम उलटा, आणि माझ्या पासपोर्टवर वडिलांचे नाव अजिबात नव्हते. परदेशातील एका प्रवेश कार्यालयाने या तीन कागदांवरून तीन माणसे अर्ज करत आहेत असा निष्कर्ष काढला आणि माझा अर्ज पाच आठवडे पडून राहिला. मग तहसील कार्यालय, नोटरी, प्रतिज्ञापत्र, आणि राजपत्रातील नोंद. हे सगळे आधी करून ठेवावे. चिनी लोक आडनाव आधीच लिहितात, त्यामुळे तिथल्या कार्यालयात आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेचे कोणालाच नवल वाटले नाही, ही त्यातली एकच गंमत.

मोहोरबंद गुणतक्त्यांसाठी विद्यापीठात स्वतः जावे. टपालावर विसंबू नये. शिफारसपत्र मागताना सरांना किंवा मॅडमना आपला निबंध, उद्देशपत्राचा कच्चा खर्डा आणि मुदतींची यादी एकत्र द्यावी, आणि मुदतीच्या दहा दिवस आधी न लाजता आठवण करावी.

६. सरकारी आवाज कसे वाचावेत

नवखे अभ्यासक सर्वांत जास्त इथे घसरतात. 'ग्लोबल टाइम्स'मध्ये एक तिखट लेख येतो, आपल्याकडच्या वाहिन्या त्यावर संध्याकाळ काढतात, आणि विद्यार्थी तोच लेख प्रबंधात "चीनची भूमिका" म्हणून उद्धृत करतो. हे वृत्तपत्र चिनीत 1993 पासून आणि इंग्रजीत 2009 पासून निघते. दोन्ही आवृत्त्यांचे वाचक वेगळे, त्यामुळे मजकूरही अनेकदा वेगळा असतो. इंग्रजी लेख तुम्हाला डिवचण्यासाठीच लिहिलेला असू शकतो. तो चीनमध्ये कोणी वाचलेलाही नसतो.

अधिकाराची उतरंड शिकून घ्यावी. 'पीपल्स डेली'त काही लेखांवर माणसांच्या नावासारखी टोपणनावे असतात. 'चोंग शंग' म्हणजे घंटेचा नाद, पण उच्चाराने ते "चीनचा आवाज" असेही ऐकू येते. ही सही परराष्ट्र विषयांवरच्या भाष्याखाली येते आणि तिच्यामागे एक माणूस नसतो. 'रन चोंगफिंग' हेही असेच, "पीपल्स डेलीचे महत्त्वाचे भाष्य" या शब्दांचा उच्चार माणसाच्या नावात बसवलेला. मी पहिल्या वर्षी एका टिपणात "श्री. रन यांच्या मते" असे लिहिले होते. परिसंवादात कोणी हसले नाही, आणि त्याचेच अधिक वाईट वाटले.

निषेधाच्या शब्दांनाही पायऱ्या असतात. चिंता, असमाधान, तीव्र असमाधान, ठाम विरोध, "गंभीर निवेदन" देणे: प्रवक्त्याने कालपेक्षा आज एक पायरी वर चढली की खाली उतरली, हे मोजायचे असते. काही वाक्ये फार क्वचित वापरली जातात. "आधी सांगितले नव्हते असे मग म्हणू नका" या अर्थाचे अभिजात चिनी वाक्य डिसेंबर 1978 मध्ये व्हिएतनामला उद्देशून आले होते, आणि काही आठवड्यांतच युद्ध झाले. मे 2019 मध्ये दुर्मीळ खनिजांच्या वादात ते अमेरिकेला उद्देशून आले. युद्ध झाले नाही. म्हणून जुना इशारा दिसला की लगेच जुना परिणाम लावू नये. वाक्य कोणी, कोणत्या पानावर, कोणत्या दिवशी छापले हे आधी नोंदवावे.

७. दप्तरे आणि मुलाखती

चिनी परराष्ट्र मंत्रालयाचे दप्तर 2004 मध्ये संशोधकांना खुले झाले आणि 2012-13 च्या सुमारास पुन्हा बहुतांशी मिटले. एप्रिल 2023 पासून चिनी शोधनिबंधांच्या मोठ्या संगणकीय संग्रहाचे काही भागही परदेशी विद्यापीठांना बंद झाले. त्यामुळे ज्या कागदांवर आपला प्रबंध उभा आहे ते हाताशी आहेत ना, हे आराखड्यापूर्वीच तपासावे. आपल्या बाजूला बरेच पडले आहे. भारत सरकारने 1959 पासून काढलेल्या श्वेतपत्रिकांत दोन्ही सरकारांची पत्रे आणि टिपणे जशीच्या तशी छापलेली आहेत, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचा संग्रह आता घरबसल्या शोधता येतो.

मुलाखतींबाबत काळजी घ्यावी, आणि ती स्वतःपेक्षा समोरच्याची अधिक. चीनचा हेरगिरीविरोधी कायदा 1 जुलै 2023 पासून अधिक व्यापक झाला आहे. तुम्ही परत येता; बोललेला माणूस तिथेच राहतो. नाव लिहू नये, ध्वनिमुद्रण मागू नये, टिपणे त्याच रात्री सांकेतिक नावाने लिहावीत आणि सीमेच्या नकाशांविषयी चीनमध्ये बसून काहीही उतरवून घेऊ नये. शांघायमध्ये एका निवृत्त प्राध्यापकांनी चहा ओतण्याआधी स्वतःचा फोन बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. मीही न बोलता माझा त्याच्या शेजारी ठेवला, आणि मग संभाषण सुरू झाले.

मराठी संशोधकाला चीनमध्ये एक दार आपोआप उघडते: 'ख तीह्वा'. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे हे चिनी नाव. 1938 च्या वैद्यकीय पथकातून ते गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. जुन्या पिढीतील माणसाला मी महाराष्ट्रातील आहे म्हटले की चेहरा उजळतो. त्या जिव्हाळ्याचा मान ठेवावा, पण अभ्यासक म्हणून हेही पाहावे की कोटणीसांची आठवण जपानविरोधी युद्धाच्या स्मृतीत गुंफलेली आहे आणि सरकार ती केव्हा बाहेर काढते व केव्हा मागे ठेवते याला वेळापत्रक असते. माझ्या एका लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

८. स्वतःचा राष्ट्रवाद टेबलावर ठेवा

चिनी राष्ट्रवाद अभ्यासणारा भारतीय हा कोऱ्या पाटीचा नसतो. 1962 आपल्या घरात कुठेतरी असते. माझ्या एका नातलगाचे सैनिकी पोशाखातले छायाचित्र आजोळच्या ओसरीवर लावलेले होते. 1840 च्या अफूच्या युद्धापासूनच्या "शंभर वर्षांच्या अपमाना"बद्दल वाचताना आपण त्या चिनी कथनाला प्रचार म्हणतो, आणि आपल्याकडच्या तशाच कथनाला इतिहास. यावर उपाय म्हणून मी एक करते: चिनी मजकुराबद्दल लिहिलेल्या प्रत्येक कठोर वाक्यात "चीन"च्या जागी "भारत" घालून वाचते. वाक्य तरीही टिकले तर ठेवते, नाहीतर पुरावा वाढवते. उलट टोकाची चूकही होते. ज्यांना चीन समजावून सांगता सांगता चीनची वकिली करायची सवय लागली, असे अभ्यासक मी पाहिले आहेत.

९. नोकरी, लेखन आणि टीव्ही

प्राध्यापकी, धोरणसंस्था, पत्रकारिता, कंपन्यांचे जोखीम-विश्लेषण, असे चार रस्ते आहेत. मुंबईत गेटवे हाउस आहे, बंगळुरूत तक्षशिला, दिल्लीत मनोहर पर्रीकर संस्थेसह अनेक; नवख्यांसाठी प्रशिक्षणार्थी जागा निघतात, मानधन बेताचे असते. परराष्ट्र सेवेतही चिनी भाषा घेता येते. पेइचिंगमध्ये राजदूत राहिलेले माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले निवृत्तीनंतर चीनवर जे लिहितात ते विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. मात्र मुत्सद्द्याचे लेखन अनुभवावर उभे असते, आपले पुराव्यावर. त्यांची शैली उचलायला जाऊ नये.

पहिला शोधनिबंध 1964 पासून दिल्लीहून निघणाऱ्या 'चायना रिपोर्ट'कडे पाठवावा. नंतर 'चायना क्वार्टर्ली' आणि 'जर्नल ऑफ कंटेम्पररी चायना'. नकार येणारच, परीक्षकांचे शेरे मात्र फुकटात मिळालेली शिकवणी असते.

टीव्हीवरून फोन येईल, सीमेवर काही घडले की हमखास. प्रबंध पूर्ण होईपर्यंत नाही म्हणावे. चाळीस सेकंदांत उत्तर द्यायची सवय लागली की चाळीस पानांत प्रश्न मांडणे जमेनासे होते, आणि एकदा ओरडून बोललेले वाक्य पुढच्या व्हिसा अर्जाबरोबर कोणीतरी वाचत असते.

१०. प्रत आजच ठेवा

चिनी संकेतस्थळांवरील पाने नाहीशी होतात. लेख काढून टाकला जातो, मथळा बदलतो, प्रतिक्रिया रात्रीतून पुसल्या जातात. जे वाचाल त्याची पीडीएफ त्याच दिवशी करावी आणि तक्त्यात चार रकाने भरावेत: पत्ता, पाहिल्याची तारीख व वेळ, मूळ चिनी मथळा, आणि स्वतःचे एका ओळीचे भाषांतर. तक्त्याची एक प्रत संगणकाबाहेर, वेगळ्या ठिकाणी असावी. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील निम्म्या तळटिपांची पाने आज उघडत नाहीत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यांतली सहा मागितली, तेव्हा सहाही माझ्या पिशवीत होती.